चकाकीचे मुद्दल

मध्यमवर्गीय घरात मोटारीइतकी प्रेमाने पुसली जाणारी आणि त्या पुसण्यानेच खराब होणारी दुसरी वस्तू क्वचितच सापडेल. पंखा आपण दिवाळीला पुसतो, फ्रिज महिन्यातून एकदा, आणि पुस्तकांचे कपाट पाहुणे येणार असतील तेव्हा. मोटार मात्र रोज सकाळी पुसली गेलीच पाहिजे, असा आपला आग्रह असतो. मग चार-पाच वर्षांनी तीच गाडी उन्हात उभी असली, की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे हजारो बारीक चरे दिसू लागतात. गाडी काळी किंवा गडद निळी असेल तर विचारूच नका. मालक म्हणतो, हल्लीचे रंगच हलके. शेजारी म्हणतात, शहरातले प्रदूषण. माझ्या मते दोष बहुतेक वेळा आपल्या सवयीचा असतो. ती सवय ओळखता आली, तर गेलेली चकाकी बऱ्याच अंशी घरच्या घरी, आपल्या हातांनी परत आणता येते. ती किती आणावी आणि कुठे थांबावे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

आधी हे चरे ओळखावे कसे ते सांगतो. संध्याकाळी गाडी सावलीत असताना मोबाइलची बॅटरी लावून तिचा ठिपका बॉनेटवर पाडा. ठिपक्याभोवती बारीक रेषांची वर्तुळे दिसतील. दिवा सरकवला की वर्तुळेही त्याच्याबरोबर सरकतात. अर्थात चरे काही गोल नसतात. ते सगळ्या दिशांना गेलेले असतात. त्यांतले प्रकाशाच्या वाटेला आडवे पडणारे तेवढे चमकतात, म्हणून डोळ्याला वर्तुळ दिसते. खात्री करून घ्यायची असेल तर स्वयंपाकघरातले रोज घासले जाणारे स्टीलचे ताट दिव्याखाली धरून पाहा. तिथेही हाच खेळ दिसेल. ताटावर चरे पडतात ते घासणीने. गाडीवर ते कशाने पडतात?

ते पडतात धुळीने, आणि धूळ फिरवणाऱ्या फडक्याने. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात, म्हणजे मुख्यतः क्वार्ट्‌झ. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची मोह्‌सची श्रेणी शाळेत भूगोलाच्या पुस्तकात होती, तिच्यात क्वार्ट्‌झ सातव्या पायरीवर आहे. साधी काच त्याच्या खाली. गाडीच्या रंगावरचे पारदर्शक आवरण तर एक प्रकारचे प्लास्टिकच, काचेपेक्षा कितीतरी मऊ. अशा आवरणावर रात्रभर धूळ साचू द्यायची आणि सकाळी कोरड्या फडक्याने ती गोल गोल फिरवायची, म्हणजे गुळगुळीत फरशीवर वाळू टाकून वरून पोते ओढण्यासारखे आहे. चश्म्याच्या काचा सदऱ्याच्या टोकाने पुसणाऱ्यांना याचा अनुभव असेल. धुळीच्या गाडीवर घातलेले कापडी कव्हरही वाऱ्याने फडफडत तेच काम करते. पिसांचा किंवा धाग्यांचा झटकणाही त्याच जातीचा.

माझ्या पिढीतल्या वाचकांना वाटेल, की आम्हीही फियाट आणि अँबॅसडर जुन्या बनियनने पुसतच होतो, तेव्हा असे काही झाले नाही. झाले होते, पण त्याचा प्रकार वेगळा होता. त्या गाड्यांचा रंग वरपर्यंत रंगच असे. लाल गाडीला पॉलिश केले की फडके लाल होई. वरचा निस्तेज झालेला पापुद्रा निघून खालचा ताजा रंग वर येई आणि मालक खूश होई. आपल्याकडचे पेंटर अजूनही मोटारीच्या रंगाला 'ड्युको' म्हणतात, ते नाव त्याच काळातले. ड्यू पाँट कंपनीने जनरल मोटर्सच्या सहकार्याने ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोजचा रंग काढला आणि तो १९२४ सालच्या ओकलंड मोटारींवर प्रथम आला. त्याआधी मोटारीचा रंग वाळायला आठवडे लागत. ड्युको काही तासांत वाळे. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या डब्यावरचे नाव आपल्या नाना पेठेत, आणि सुताराच्या फर्निचरलाही, अजून चालते आहे.

आजच्या बहुतेक गाड्यांची रचना निराळी आहे. पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर विजेच्या साहाय्याने चढवतात. त्यावर प्रायमर, प्रायमरवर रंगाचा पातळ थर, आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचे पारदर्शक आवरण. हे सगळे थर मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपण पत्र लिहितो तो साधा कागद सुमारे १०० मायक्रॉनचा असतो. म्हणजे ज्या रंगासाठी आपण गाडी निवडताना घरात तीन दिवस चर्चा करतो, तो सगळा मिळून एक-दीड कागदाइतका. त्यातला क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन, माणसाच्या केसापेक्षाही बारीक. आपल्याला दिसणारे ते जाळे या केसभर थरातच असते. चकाकीही तिथलीच, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाचे रक्षण करणारी द्रव्येही त्याच थरात मिसळलेली असतात.

आता पॉलिश म्हणजे काय, ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण इथेच बहुतेकांची फसगत होते. पॉलिशने चरा भरत नाही. पॉलिशमध्ये अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडसारख्या पदार्थाचे अतिशय बारीक कण असतात. ते चऱ्याच्या दोन्ही बाजूंचा पृष्ठभाग खरवडून चऱ्याच्या तळापर्यंत खाली आणतात. शेतातला खड्डा बुजवण्याऐवजी सगळे शेतच खड्ड्याच्या पातळीला आणावे, तसे. पृष्ठभाग पुन्हा सपाट होतो, प्रकाश सरळ परावर्तित होतो, आणि आपण म्हणतो, गाडी नवी झाली. प्रत्यक्षात ती थोडी कमी झालेली असते.

मी अनेक वर्षे बँकेत होतो, त्यामुळे मला हा हिशेब मुद्दल आणि व्याजाच्या भाषेत चटकन समजतो. क्लिअर कोट हे मुद्दल. कारखान्यातून गाडी निघताना ते एकदाच खात्यात जमा होते. त्यानंतर त्यात भर पडत नाही, फक्त काढले जाते. हलक्या पॉलिशने साधारण एक-दोन मायक्रॉन जातो, जाड रबिंगने त्याहून बराच अधिक. दर दिवाळीला रबिंग करून घेणारा माणूस दर दिवाळीला मुद्दलाला हात घालत असतो, आणि पावती मात्र त्याला चकाकीची मिळते. खाते तळाला गेले की टपावर आणि बॉनेटवर पांढुरके चट्टे पडतात, पापुद्रे सुटू लागतात. तिथे पॉलिशचे काम संपते आणि पुन्हा रंग देण्याखेरीज इलाज उरत नाही. म्हणून चरे काढण्याच्या कलेपेक्षा चरे न पाडण्याची शिस्त मोठी, असे माझे ठाम मत आहे.

ही शिस्त कोणी पाळायची, यावरून आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी चांगलाच वाद झाला. सर्वसाधारण सभेत ऐनवेळच्या विषयांत एका सभासदाने मुद्दा काढला, की गाड्या पुसणारा माणूस बदलावा. त्याने नव्या काळ्या गाडीचे वाटोळे केले आहे, बॉनेटवर उन्हात जाळे दिसते. दोघातिघांनी दुजोरा दिला. ठराव जवळपास लिहिला गेला होता. मी एवढेच म्हटले, की ज्याच्याविषयी ठराव करायचा त्याला एकदा विचारू या. त्याला बोलावले. तिशीतला तरुण, पत्नी याच इमारतीत दोन घरी पोळ्या करते. तो आधी गप्प उभा राहिला आणि मग म्हणाला, "काका, चौदा गाड्या आहेत, बादली एक आहे, आणि सगळ्या साडेसातच्या आत व्हायला पाहिजेत. पाणी किती वेळा बदलू?"

कोणीतरी विचारले, निदान फडके तरी चांगले वापरायचे होते. तो म्हणाला, "फडकी तुमच्याच घरून येतात ना." ते खरेच होते. उसवलेल्या बनियन, जुन्या परकराची चिंधी, एका घरून तर पायपुसण्याचा तुकडा. मग त्याने जे सांगितले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. पावसाळ्यात एकदा त्याने एका गाडीवर पाणी मारून चिखल नुसता वाहू दिला, फडके लावले नाही. तर पुसली नाही म्हणून त्या महिन्याचे पैसे कापले गेले. तेव्हापासून तो प्रत्येक गाडीवरून रोज फडके फिरवतो. फिरवलेले दिसले पाहिजे म्हणून फिरवतो.

बँकेत उद्दिष्टांच्या नावाखाली असली दिसणारी कामे मी पुष्कळ पाहिली आहेत. ज्या कामाचे मोल मोजले जाते तेच काम होते. ते कामाच्या वस्तूला हिताचे आहे की नाही, हे मागे पडते. आम्ही त्या तरुणाला गाडीच्या निगेचे पैसे देत नव्हतो. रोज फडके फिरवण्याचे देत होतो, आणि तेही गाडीमागे इतके थोडे, की एका गाडीला पाच मिनिटांपेक्षा जास्त देणे त्याला परवडू नये. ते काम त्याने प्रामाणिकपणे केले. त्याचा परिणाम बॉनेटवर उमटला आणि दोषी ठरला तो. ठराव अखेर बारगळला. त्याऐवजी असे ठरले, की प्रत्येक गाडीमागे दोन मायक्रोफायबरची फडकी सभासदाने द्यावीत, सोसायटीने आणखी दोन बादल्या घ्याव्यात, कोरडे पुसणे बंद करावे, ओली धुलाई आठवड्यातून दोनदा करावी, आणि मोबदला वाढवावा. दोन सभासदांनी वाढीव मोबदल्याला नकार दिला. त्यांच्या गाड्या अजून जुन्या पद्धतीने रोज पुसल्या जातात. लोकशाही आहे.

आता धुण्याची रीत. मूळ कल्पना साधी आहे : कण घासायचा नाही, उचलायचा किंवा वाहू द्यायचा. गाडी सावलीत आणि पत्रा थंड असावा. आधी नुसते पाणी सोडून सुटी धूळ आणि चिखल जाऊ द्यावा. मग दोन बादल्या घ्याव्यात, एकीत मोटारीच्या शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. फडके किंवा मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग तो साध्या पाण्यात खळबळून त्यातली माती सोडायची, आणि पुन्हा शाम्पूत बुडवायचा. टपापासून खाली यायचे; चाकांजवळचा भाग सर्वांत शेवटी, कारण माती तिथे अधिक. हात सरळ रेषेत न्यायचा, आणि दाबायचे नाही. भांड्यांचा साबण वापरू नये, तो आधीचे मेण धुऊन नेतो. शेवटी मोठ्या, जाड मायक्रोफायबर फडक्याने पाणी टिपायचे. बाळाचे अंग आपण टिपतो, खसाखसा पुसत नाही, तसे. फडके जमिनीवर पडले तर ते पुन्हा धुतल्याशिवाय गाडीला लावायचे नाही.

इथे कोणी पाण्याचा प्रश्न काढील आणि तो रास्त आहे. ज्या राज्यात २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, तिथे नळी सोडून गाडी धुणे शोभत नाही. पण वरच्या पद्धतीला तीन-साडेतीन बादल्या पुरतात. शिवाय हल्ली असे द्रावण मिळते, की ते एका बादलीत थोडेसे मिसळले तर मागाहून खळबळून काढावे लागत नाही. फक्त गाडी चिखलाने माखलेली नसावी. बोअरचे पाणी असेल तर ते गाडीवर वाळू देऊ नये. त्यातले क्षार पांढरे ठिपके सोडतात. ताजे ठिपके पाण्यात थोडे व्हिनेगर मिसळून पुसले तर जातात, उन्हात मुरलेले जात नाहीत. पक्ष्याची विष्ठा दिसली तर त्यावर ओले फडके पाच मिनिटे ठेवून ती भिजू द्यावी आणि मग उचलावी. नखाने खरवडणारे बहाद्दर मी पाहिले आहेत.

एवढे सगळे नीट सुरू झाले, की मगच जुने चरे काढण्याचा विचार करावा. नाहीतर गळक्या हंड्यात पाणी भरण्यासारखे होते. धुतलेल्या गाडीवर प्लास्टिकच्या पातळ पिशवीत हात घालून तो फिरवून पाहा. खरखर लागली तर रंगात लोखंडाची कीस, झाडाचा चीक, सिमेंटचे कण रुतून बसले आहेत असे समजावे. ते काढायला मळलेल्या कणकेसारखी एक मऊ वडी मिळते, तिला क्ले म्हणतात. पृष्ठभाग साबणपाण्याने चांगला बुळबुळीत करून ती हलक्या हाताने पुढे-मागे सरकवायची आणि घडी घालून सारखी नवी बाजू वर आणायची. वडी जमिनीवर पडली तर टाकून द्यायची, धुऊन वापरायची नाही. तिच्यात रुतलेला एक खडा सगळे काम बिघडवतो.

मग नखाची परीक्षा. चऱ्यावरून नख आडवे हलकेच फिरवा. नख अडकत असेल तर चरा खोल आहे. तो पॉलिशने पूर्ण काढण्याचा हट्ट धरू नये, कारण तेवढी जमीन खाली आणायला मुद्दल पुरायचे नाही. अशा चऱ्याच्या कडा थोड्या मऊ करून तो डोळ्यात कमी भरेल एवढेच पाहावे. खाली पांढरा प्रायमर किंवा पत्रा दिसत असेल तर ते काम लांबी भरणाऱ्या आणि रंग देणाऱ्या कारागिराचे. नख न अडकणारे चरे मात्र घरी निघतात.

त्यासाठी यंत्र हवे असेल तर फिरता फिरता डोलणारे घ्यावे, ज्याला ड्युअल अ‍ॅक्शन म्हणतात. गॅरेजमध्ये असते ते एकाच आसावर गरगर फिरणारे यंत्र पट्टीच्या हाताचे आहे. ते एका जागी दोन क्षण जास्त थांबले तर रंग तापून जळतो. डोलणारे यंत्र जास्त दाबले तर फिरायचेच थांबते, म्हणून ते नवशिक्याला क्षमा करते. दारांच्या कडा, पत्र्याच्या धारदार घड्या आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावावी, कारण कडेवर रंग सर्वांत पातळ असतो आणि तोच आधी उघडा पडतो. सर्वांत मऊ फोमचा पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन आधी दीड-दोन फुटांच्या एकाच चौकोनावर प्रयोग करावा. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, आधी कमी वेगाने पसरवायचे, मग वेग वाढवून सावकाश उभे-आडवे चार-सहा हात. पुसून बॅटरीच्या उजेडात पाहायचे. पुरेसे वाटले तर सगळ्या गाडीला तेच. नाही वाटले तरच एक पायरी वर. डॉक्टरही आधी साधी गोळी देतो, तसे. सगळी गाडी एका दिवसात उरकू नये. एका रविवारी बॉनेट आणि टप, पुढच्या रविवारी एक बाजू, असे तीन-चार रविवार जाऊ द्यावेत. छोट्या जागेला हातानेही काम होते, फक्त धीर अधिक लागतो. शेवटी मेण. कार्नोबा नावाचे मेण ब्राझीलच्या ईशान्य भागातल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात; नैसर्गिक मेणांत ते सर्वांत कठीण मेणांपैकी एक. अगदी पातळ लावावे. जाड थराने चकाकी वाढत नाही, पुसण्याचे कष्ट तेवढे वाढतात.

हे सगळे नको असेल तर दुकाने आहेतच. मी दुकानांच्या विरुद्ध नाही, पण तिथे दोन गोष्टी पारखून घ्याव्यात. एक म्हणजे भरावाची चकाकी. काही पॉलिशांत तेल आणि मेणासारखी द्रव्ये असतात. ती चऱ्यात बसतात, गाडी ताब्यात घेताना ती आरशासारखी दिसते, आणि तीन-चार धुलाईंनंतर चरे आपल्या जागी परत येतात. बँकेत याला विंडो ड्रेसिंग म्हणत. ३१ मार्चला ठेवी फुगलेल्या दिसत आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ओसरत. पारख सोपी आहे : पाण्यात मिसळलेले आयसोप्रोपिल अल्कोहोल फडक्यावर घेऊन एक भाग पुसून पाहावा. तेल निघून जाते आणि खरा ताळेबंद समोर येतो.

दुसरी गोष्ट 'नऊ एच'ची. सिरॅमिक कोटिंग विकणारा तरुण सांगतो, की याचा कठीणपणा नऊ एच आहे, आणि ग्राहकाच्या मनात शाळेतला हिरा येतो, ज्याचा कठीणपणा १० आहे. पण हे दोन मापदंड वेगळे. नऊ एच हा पेन्सिलींचा मापदंड आहे. नऊ एचच्या पेन्सिलीने त्यावर रेघ उठत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाळूच्या कणाला त्याचे काही वाटत नाही. कोटिंगचा थर फारतर एखाद-दोन मायक्रॉनचा. त्यावर पाणी ठरत नाही, गाडी धुणे सोपे होते, हे त्याचे खरे गुण आहेत आणि तेवढ्यासाठी ते जरूर घ्यावे. पण ते घेतले म्हणून कोरडे फडके फिरवायला मोकळे, असे कोणी समजू नये. चऱ्यापासून खरा बचाव करणारी पारदर्शक फिल्म निराळी. ती १५० ते २०० मायक्रॉन जाडीची असते आणि तिची किंमतही तिच्या जाडीला शोभेल अशी असते.

राहता राहिला प्रश्न, कुठे थांबावे. गाडी पहिल्या दिवशी होती तशी करायची, हा ध्यास मला पटत नाही. तो पैशाने आणि मायक्रॉननेही महाग पडतो. दहा वर्षांच्या गाडीवर दहा वर्षांच्या खुणा असणारच. बॅटरीच्या उजेडात गाडी पाहणारे जगात फार थोडे असतात. दोन पावले मागे सरून, सकाळच्या उन्हात ती टवटवीत दिसली की पुरे. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराला, हँडलमागच्या खोलगट वाटीत, पुष्कळ बारीक ओरखडे आहेत. दार उघडताना नखे आणि बांगड्या लागून ते पडतात. कुठल्याही जुन्या गाडीला असतात. तिथे यंत्र जात नाही, पण बोटाला फडके गुंडाळून ते काढता येतात. मी ते ठेवले आहेत. त्या दाराने आई बसत असे.

बाकी गाडीवर मात्र मी हे काम केले, आणि वाचकांनीही वर्ष-दोन वर्षांतून एकदा करून पाहावे असे सुचवीन. पैसे वाचतात हे एक कारण आहे, पण ते दुय्यम. आपल्याकडे वस्तू घ्यायची आपण, निगा राखायची दुसऱ्याने, आणि बिघडली की दोषही त्याचाच, अशी वाटणी झाली आहे. एकदा स्वतः चार तास ओणवे राहून बॉनेट केले, की एका बादलीत चौदा गाड्या म्हणजे काय ते कोणी समजावून सांगावे लागत नाही. घरातली मुलेही यात रमतात. टेप लावायला, बॅटरी धरायला त्यांना आवडते, आणि केसाहून बारीक थर म्हणजे काय, ते पुस्तकापेक्षा इथे लवकर कळते.

दसरा आला की आपण गाडी धुतो, हार घालतो, हळद-कुंकू वाहतो, नारळ फोडतो. वर्षभर आपल्याला सुखरूप नेणाऱ्या यंत्राचे आभार मानण्याची ती रीत फार चांगली आहे. ती यंदाही पाळावी. फक्त हाराची तार रंगावर घासणार नाही असे पाहावे, ओले कुंकू उन्हात वाळू न देता संध्याकाळी पाण्याने उतरवावे, आणि जो माणूस वर्षभर पहाटे आपल्या गाडीपाशी उभा असतो त्याला त्या दिवशी पेढ्याबरोबर दोन चांगली फडकी आणि एक बादली द्यावी. आणि उद्यापासून गाडीवर धूळ दिसली, तर ती धुलाईच्या दिवसापर्यंत तशीच राहू द्यावी. तिला हात लावला नाही, तर ती काही बिघडवत नाही.